चौथ्या पानावर खोडलेला ‘तो’

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही इचलकरंजीचे. यांचे आठ माग आहेत. घरात सासूबाई, आम्ही दोघं, थोरली लेक आणि धाकटा मुलगा. थोरली एकोणीस वर्षांची, पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या होस्टेलवर राहते. यंदा गणपतीला आली ती केस बारीक कापून. मी म्हटलं, पुण्याची फॅशन असेल. गौरी आणायच्या दिवशी तिच्यासाठी साडी काढून ठेवली. आमच्यात गौर घरातल्या लेकीनंच आणायची. ती नको म्हणाली, सासूबाई हट्टाला पेटल्या. शेवटी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, ‘आई, मी मुलगी नाही. लहानपणापासून नाही. मला गौर आणायला लावू नकोस.’ त्या दिवशी गौर जाऊबाईंच्या मुलीनं आणली.

मग तिनं एक नाव सांगितलं, मुलाचं. धाकटा दुसऱ्या दिवसापासून ‘दादा’ म्हणायला लागला, त्याला काही जड गेलं नाही. यांनी बोलणं सोडलंय. महिन्याच्या एक तारखेला मेसचे पैसे तेवढे पाठवतात. म्हणतात, त्या बीडच्या पोलिसासारखं काही असेल तर तपासून घ्या, नसेल तर ही थेरं बंद. सासूबाई देवऋषीकडं न्या म्हणतात. दीर म्हणतात, स्थळ बघा, लग्न झालं की सरळ होईल. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, पुण्यात एक जण ट्रीटमेंट देऊन बरं करतात.

परवा ती सुट्टीला आली होती. बॅगेतले कपडे धुवायला काढले तर दोन क्रेप बँडेज निघाली, पाय मुरगळल्यावर बांधतात ती. पाय दुखतोय का विचारलं तर काही बोलली नाही. मग माझ्या ध्यानात आलं.

ती पोटात असताना मुलगा व्हावा म्हणून मी नवस बोलले होते. त्याचं तर हे नसेल? का मोबाईलचं? उद्या ही सिग्नलवर टाळ्या वाजवणाऱ्यांत जाईल का? ऑपरेशन करते म्हणाली तर? दिवाळी तोंडावर आली, भाऊबीजेला काय करायचं? काय करू सुचत नाही.

एक आई, इचलकरंजी

(मूळ पत्र पाच पानांचं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात दिलं आहे.)

---

ताई,

तुमचं पत्र हातानं लिहिलेलं होतं म्हणून एक गोष्ट दिसली, मेलमध्ये ती कधीच दिसली नसती. पाच पानं तुम्ही ‘ती’ लिहिलंय. चौथ्या पानावर मात्र जेवणाबद्दल लिहिताना ‘तो नीट जेवत नाही’ असं लिहून गेलात, मग ‘तो’वर दोन रेघा मारल्यात आणि वर बारीक अक्षरात ‘ती’ केलंत. मी ते पान बराच वेळ हातात धरून बसले होते.

आपल्या मराठीचा हा जाचच आहे. कुठल्या कुठल्या भाषेत एखादं सर्वनाम सांभाळलं की भागतं. आपल्याकडे क्रियापदालाही लुगडं नाहीतर धोतर नेसवावं लागतं. ‘जेवलीस का?’ एवढं विचारायचं तरी आईला आधी निकाल द्यावा लागतो. आणि त्याला स्वतःला तर दिवसातून शंभर वेळा: आले की आलो, दमले की दमलो. पण गंमत बघा, तुम्ही कोल्हापूर भागातल्या. तुमच्याकडं पोरीसुद्धा सर्रास ‘आलो’, ‘जातो’ म्हणतात. म्हणजे एकोणीस वर्षं तुमचं मूल घरात ‘आई, आलो गं’ म्हणत आलं असणार आणि कुणाच्या कानाला ते खटकलं नसणार. इतकी वर्षं बोलीनं त्याला सांभाळून घेतलं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

या उत्तरात मी ‘तो’ लिहिणार आहे, कारण त्यानं तसं सांगितलंय. तुमच्या तोंडी ते आजच बसलं पाहिजे असं नाही. सुरुवातीला चुकाल. चुकलात तर दुरुस्त करून पुढचं वाक्य बोला, माफीची पारायणं नकोत. त्यात उलट त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. अगदीच जीभ वळत नसेल तर मधली एक वाट मराठीतच आहे. ‘जेवण झालं का?’, ‘बस मिळाली का?’ यांत कुणाचंच लिंग येत नाही. ‘लेकरू’ आणि ‘पोरगं’ हेही शब्द आहेत. पण ते त्याला विचारून वापरा. आईच्या तोंडचं ‘माझं लेकरू’ गोड लागतं. एरवी ‘ते आलं’, ‘ते गेलं’ कानावर पडलं की आपल्याला वस्तूत जमा केल्यासारखं काहींना वाटतं.

आता घाईचं आधी. तुमच्या पत्रात बाकी सगळं थांबू शकतं, ती क्रेप बँडेज थांबू शकत नाहीत.

ती बँडेज तो छातीला बांधतो, तुम्ही ओळखलंतच. क्रेप बँडेज बनवलेलंच असतं सुजलेला घोटा आवळायला. छातीभोवती गुंडाळलं की ते हालचालीबरोबर आवळत जातं, श्वास पुरा भरू देत नाही, फासळ्या दुखावतात, उन्हाळ्यात कातडी सोलवटते. होस्टेलवरची मुलं हे लपून करतात म्हणून तासन् तास काढतही नाहीत, कधी कधी तसंच झोपतात. यासाठी ‘बाइंडर’ नावाचं बंडीसारखं कापडी अंतर्वस्त्र मिळतं. ते मापाचं घ्यायचं, एक नंबर लहान घेतलं तर जास्त सपाट दिसेल हा मोह टाळायचा. दिवसात आठेक तासांच्या वर नको, झोपताना आणि व्यायामाला काढायचं, दुखलं किंवा दम लागला की तिथल्या तिथे सोडायचं. तोवर घट्ट स्पोर्ट्‌स ब्राही चालेल. बँडेज काढून घेऊ नका, ती कचऱ्यातही टाकू नका. ‘हे बांधू नको, त्रास होईल, नीट मिळतं ते आणू या’ एवढंच म्हणा. याचा अर्थ तुम्ही सगळ्याला होकार दिलात असा होत नाही. फासळी मोडू नये यासाठी कुणाच्याच होकाराची गरज नसते.

आणि दुसरं. त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा: ‘जगणं नको वाटतं का कधी?’ असं विचारल्यानं ते डोक्यात भरतं ही भीती खोटी आहे. उलट विचारणारं कुणी आहे म्हणून मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारच्या ‘टेली-मानस’चा नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो त्याच्या फोनमध्ये असू दे आणि तुमच्याही. चार रात्री तुम्ही स्वतः झोपलेल्या नाहीत, तुम्हीही फोन करू शकता.

आता नवसाबद्दल. मुलगा व्हावा म्हणून नवस बोलल्यानं असं होत असतं, तर ताई, महाराष्ट्रात मुली औषधालाही उरल्या नसत्या. मी हे हसण्यावारी नेत नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईच्या पोतडीत अशी एक गाठ असते. कुणी लहानपणी शर्ट-पँट घालून फोटो काढलेला असतो, कुणी ‘हा माझा मुलगाच’ असं कौतुकानं म्हटलेलं असतं, कुणाला ग्रहणात भाजी चिरलेली आठवते. असं का घडतं याचं एकच ठाम कारण अजून कुणाला सापडलेलं नाही, पण आईबापाच्या वागण्यानं हे घडत नाही. हा मनाचा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली, ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यात हे मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलं. उपचार लागले तर मिळावेत म्हणून यादीत ठेवलं, वेड म्हणून नव्हे.

मोबाईलचं म्हणाल तर मोबाईलनं त्याला शब्द दिला. भावना आधीपासून असते, ‘ट्रान्स मॅन’, ‘पारलिंगी’ असं काही असतं हे मात्र कुठेतरी वाचावं लागतं. तुमच्या-माझ्या पिढीत हा शब्द नव्हता, माणसं होतीच. कुणी आयुष्यभर ‘लग्न नको’ म्हणत राहिली, कुणाच्या नशिबी विहीर आली. तरीही एक खरं सांगते. एकोणिसाव्या वर्षी स्वतःबद्दल सांगितलेलं सगळं जन्मभर तसंच राहतं असं नाही. मला भेटलेल्यांपैकी बहुतेक जण पुढेही तेच सांगत राहिले, एकदोघांनी वेगळा शब्द निवडला, एक जण परत फिरली. त्यात लाज कसली? म्हणून तर कोणती पायरी कधी चढायची याला महत्त्व.

तुमचं घर कापडाचं आहे, त्याच भाषेत बोलते. माप घेणं, खडूनं आखणं, कच्चा टाका घालणं हे सगळं उसवता येतं. कात्री लागली की लागली. नाव, केस, कपडे, ‘तो’ म्हणणं हे कच्च्या टाक्यांतलं. उद्या नको वाटलं तर दोरा ओढला की सुटलं, कापडाला भोकसुद्धा राहत नाही. ते आज दिलंत तर तुमचं काहीच जात नाही आणि त्याला श्वास मिळतो. औषधं आणि शस्त्रक्रिया कात्रीतल्या. तिथे वेळ घ्या, डॉक्टर घ्या, दोनदा माप घ्या. घरोघरी नेमकं उलटं होताना बघते. आईबाप नावावरून आणि केसांवरून रान उठवतात, मुलाला वाटतं इथे काहीच मिळणार नाही, आणि ते कुणाला न सांगता एकदम कात्रीकडे धाव घेतं.

तेव्हा कात्रीबद्दल तुम्हाला नीट ठाऊक असलेलं बरं. तो ज्या वाटेनं जाईल त्या वाटेवर मुख्य औषध टेस्टोस्टेरॉन. ते सुरू केल्यावर पाळी सहसा काही महिन्यांत थांबते, आवाज फुटतो, दाढी-मिशा यायला लागतात, अंगाची ठेवण बदलते, मुरुमं येतात, पुढे घराण्यात असेल तर टक्कलही. यातलं पाळी, चरबी, स्नायू हे औषध बंद केल्यावर बरंचसं मागे येतं. फुटलेला आवाज येत नाही, आलेली दाढी जात नाही. छाती या औषधानं जात नाही, त्यासाठी शस्त्रक्रिया असते. ‘ऑपरेशन’ म्हणून एकच काहीतरी असतं असा समज आहे, तसं नसतं. छातीची वेगळी, गर्भाशयाची वेगळी, जननेंद्रियांची वेगळी, आणि पुष्कळ ट्रान्स पुरुष छातीवर थांबतात. काही जण तीही करत नाहीत.

औषध द्यायचं एंडोक्रायनॉलॉजिस्टनं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरनं, आणि त्याआधी मानसोपचारतज्ज्ञाशी नीट बैठका व्हायला हव्यात. त्या बैठका परीक्षेसाठी नसतात, दुसरं काही दुखणं, नैराश्य वगैरे सोबत असेल तर तेही बघितलं जावं म्हणून असतात. सुरू झाल्यावर ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, कारण टेस्टोस्टेरॉननं रक्त घट्ट होऊ शकतं. पुढे कधी स्वतःच्या रक्ताचं मूल हवं वाटलं तर, म्हणून सुरुवातीआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याचा विषय डॉक्टरांनी काढला पाहिजे. त्यांनी नाही काढला तर तुम्ही काढा. आणि एक गोष्ट त्याला आजच सांगून टाका: जिममधल्या कुणाकडून किंवा ग्रुपवरच्या मित्राकडून इंजेक्शन घ्यायचं नाही. पुण्यात ती सहज मिळतात, भीती मला त्याचीच वाटते. ‘वेळ येईल तेव्हा डॉक्टरकडे मी बरोबर येईन’ हे वाक्य त्या चोरट्या इंजेक्शनवरचा सगळ्यात चांगला उतारा आहे, असा माझा अनुभव आहे. तो एकोणीस वर्षांचा आहे. कायद्यानं निर्णय त्याचा. तुम्ही बरोबर असाल की नसाल, एवढंच तुमच्या हातात आहे.

(हे वाचणाऱ्यांत कुणाचं मूल बारा-चौदाचं असेल तर त्यांचं गणित वेगळं. वयात येणं लांबवणाऱ्या औषधांवरून डॉक्टरांत एकमत नाही. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या अहवालानं एप्रिल २०२४ मध्ये या औषधांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं सांगितलं आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं त्याच वर्षी ती नेहमीच्या उपचारांतून काढली. त्या वयात औषधाची घाई नको. पण ऐकून घेणं, शाळेत छळ होऊ न देणं आणि केस हवे तसे कापू देणं याला कुठल्याच अहवालाची वाट बघावी लागत नाही.)

तुमच्या यजमानांच्या ‘बीडच्या पोलिसा’बद्दल. ललित साळवे यांची गोष्ट ते सांगताहेत. माजलगावचे, आधी महिला म्हणून भरती झालेले पोलीस शिपाई. आधी खात्यानं रजा नाकारली, मग बऱ्याच खटपटीनंतर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र, म्हणजे एरवी पुरुषांत असतं ते, आढळल्याचं तेव्हा छापून आलं होतं. तुमच्या मुलाच्या रक्तात तसं काही ‘निघणार’ नाही, ही शक्यता मोठी. ट्रान्स माणसांचे रिपोर्ट बहुतेक वेळा चारचौघांसारखेच येतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मुलगा खोटं बोलतोय असं यजमानांनी ठरवू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. पण एक बघा. घरात बोलणं बंद केलेला हा माणूस बातमी लक्षात ठेवून बसलाय. तो दार पूर्ण लावून बसलेला नाही, वाट शोधतोय. त्याला एखादा रिपोर्ट हवाय, ज्याच्याकडे बोट दाखवून तो भावकीला गप्प करू शकेल.

देवऋषी, स्थळ आणि ‘बरं करणारे’ डॉक्टर, या तिघांनाही नाही म्हणा. देवऋषीच्या नावाखाली मारहाण, धूर, उपास असले प्रकार झाले तर महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध जादूटोणाविरोधी कायदा आहे. लग्नाबद्दल मी कडक बोलणार आहे: भाऊजींच्या सल्ल्यानं तुमचं मूल तर मोडेलच, शिवाय कुणातरी परक्या घरचा एक मुलगा फसवला जाईल, त्याच्या आईचं पत्र मला पुढच्या वर्षी येईल. आणि डॉक्टर. लिंगओळख ‘सरळ’ करण्याच्या उपचारांना बंदी घालावी, असं मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ च्या निकालात म्हटलं; त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असा उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पुण्यातल्या त्या गृहस्थांना फोन करून एवढंच विचारा, ‘हे तुम्ही लेटरहेडवर लिहून द्याल का?’

टाळ्या वाजवणाऱ्यांचं तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नात भीती आहे आणि थोडी घृणाही, माफ करा पण आहे. तृतीयपंथीयांची घराणी असतात, गुरू-चेल्यांची नाती असतात, एकमेकींच्या आजारपणात त्याच धावतात. त्यातल्या पुष्कळ जणी तिथे पोचल्या कारण जन्मघरानं दार लावलं. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला, आपण कोण हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही असं म्हटलं. त्या खटल्यात तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी याही पक्षकार होत्या. म्हणजे तुमच्या मुलाला आज जे काही कायद्याचं छत्र आहे, ते ज्यांना तुम्ही सिग्नलवर काच वर करून टाळता त्यांच्या बिरादरीनं मिळवलेलं. तुमचा मुलगा त्या वाटेनं जाणार नाही. मुलगी म्हणून जन्मलेल्यांसाठी तशी घराणी आपल्याकडे नाहीतच. तेच त्याचं एकटेपण आहे. त्याला हाकललंत तर जायला ती सुद्धा जागा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१९ च्या कायद्यानं आणि २०२० च्या नियमांनी आखलेली वाट अशी होती: जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज, तोही राष्ट्रीय पोर्टलवरून, की ट्रान्सजेंडर म्हणून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, पुढे वैद्यकीय उपचार झाले तर त्या दाखल्यावर ‘पुरुष’ असं सुधारित प्रमाणपत्र. नाव बदलायचं ते राज्याच्या राजपत्रातून, मग आधार, पॅन. या कायद्यावर वाद आणि बदल चालू असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी कोल्हापूरच्या समाजकल्याण कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाकडे त्या दिवशीचा नियम विचारा, शेजाऱ्याच्या मुलानं यूट्यूबवर बघितलेला नको. घाई नाही, पण डिग्रीचं प्रमाणपत्र छापून यायच्या आत हे झालं तर पुढचे हेलपाटे वाचतात. होस्टेलचा प्रश्न त्याआधी येईल. रेक्टरशी बोलायचं की खोली घेऊन राहायचं, हे त्याला ठरवू द्या. तुम्ही परस्पर कॉलेजला फोन करू नका. कॉलेजच काय, तुमच्या बहिणीलासुद्धा त्याला विचारल्याशिवाय सांगू नका. ही बातमी त्याच्या मालकीची आहे.

मात्र तुम्हाला कुणाशी तरी बोलायला हवंच. मुंबईत अशा मुलांच्या आईवडिलांनी मिळून ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्‌स’ हा गट चालवलाय. तिथे तुमच्यासारख्याच आया आहेत. माझ्यापेक्षा त्या कामाच्या, कारण त्यांच्याही घरात कुणीतरी सहा महिने बोलणं सोडलेलं होतं.

सासूबाईंच्या बाबतीत मी तुमच्याइतकी निराश नाही. त्यांच्या पिढीला हा शब्द माहीत नाही, पण त्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे जोगते बघितलेत, अर्धनारीनटेश्वराला हात जोडलेत. माणसांचे नाना प्रकार असतात हे त्यांना नव्यानं शिकवायचं नाही, आपल्या नातीबद्दल ते ऐकायचं आहे, अवघड तेवढंच. त्यांना समजावायला जाऊ नका. ‘पोरगं जेवत नाही’ म्हणा. म्हाताऱ्या बायका या वाक्यावर बऱ्याच गोष्टी विसरतात.

भावकीसाठी एक वाक्य ठरवून ठेवा, सगळ्यांनी तेच बोलायचं: ‘आमच्या घरातलं आहे, आम्ही बघतोय.’ त्यापुढे खुलासा नाही. पहिले चार जण खोदून विचारतील, पाचव्याला तोवर दुसऱ्या कुणाच्या घरातलं काहीतरी मिळालेलं असतं.

आणि भाऊबीज. इतकी वर्षं थोरल्यानं धाकट्याला ओवाळलं, आता काय, असा तुमचा प्रश्न. तो तुम्ही मला विचारलात, त्या दोघांना विचारलात का? धाकट्याला ‘दादा’ म्हणायला एक रात्र पुरली, त्याच्याकडे काहीतरी उत्तर असेल. मला माहीत असलेल्या एका घरात मामेबहीण येऊन दोघांना ओवाळून जाते. दुसऱ्या घरात मोठा अजूनही ओवाळतो, म्हणतो, ताट हातात धरल्यानं मी बाई होत नाही. गौरीची साडी आणि भाऊबीजेचं ताट त्याला सारखंच बोचत असेल असं धरून चालू नका.

राहता राहिले यजमान. त्यांच्यामागे बोलण्यासाठी लागू नका, आणि दोघांमधल्या निरोप्या होऊ नका. ‘बाबा काय म्हणाले’ असं त्यानं विचारलं तर ‘त्यांनाच विचार’ म्हणा. मागांच्या खडखडाटात दिवस काढलेल्या माणसांना असल्या बोलण्याची सवय नसते. रागावलेल्या वडिलांनी आधी तोडायचे ते पैसे, ते त्यांनी तोडलेले नाहीत. म्हणून बाइंडरचे पैसे तुमच्या डब्यातून काढू नका. येत्या एक तारखेला त्यांच्याकडे मागा. कशासाठी तेही सांगा, आडपडदा न ठेवता: तो छातीला क्रेप बँडेज आवळतो, फासळ्यांना इजा होईल, म्हणून हे घ्यायचंय. मेसच्या पैशांत तेवढे मिळवून ते काही न बोलता पाठवतील असा माझा अंदाज आहे. चुकला तर कळवा, मग मी त्यांनाच पत्र लिहीन.